पावती नंबर ३८ कुठे गेला? ऑटो-इन्क्रिमेंट प्रायमरी की, पहिल्यापासून

गिरगावातल्या आमच्या चाळीच्या गणपती मंडळाने छापील पावतीपुस्तकं बंद करून मोबाइलवर पावती द्यायचं ठरवलं, तेव्हा प्रोग्रॅम लिहायचं काम आपसूक माझ्या गळ्यात पडलं. चाळीत कॉम्प्युटरवाली म्हणून मीच एक. दोन रविवारांत प्रोग्रॅम उभा राहिला, वर्गणी जमली, विसर्जन झालं. मग हिशेबाला बसलो. खजिनदार काकांनी प्रिंटआउटवर फूटपट्टी ठेवून एकेक ओळ वाचायला घेतली आणि दुसऱ्याच पानावर थांबले.

"अगं, सदतीस आहे, चाळीस आहे. मधल्या दोन पावत्या कुणी फाडल्या?"

"काका, त्या पावत्या झाल्याच नाहीत."

"झाल्या नाहीत, तर नंबर कसे गेले?"

प्रश्न बिनतोड होता. दुसऱ्या माळ्यावरच्या कोपऱ्यातल्या खोल्यांत नेट जातं. तिथे दोनदा पावती अर्धवट सेव्ह होऊन रद्द झाली होती, डेटाबेसने दोन नंबर खर्च केले होते, आणि मी मुकाट्याने टेबलातला आयडीच (प्रत्येक ओळीला डेटाबेसने दिलेला आकडा) पावती क्रमांक म्हणून छापत होते. चूक डेटाबेसची नव्हती, माझी होती. ती तुमच्या हातून होऊ नये म्हणून हे सगळं पहिल्यापासून सांगते. सोबत मायएसक्यूएल ८ हा डेटाबेस उघडून बसा, नुसतं वाचून हे डोक्यात राहत नाही. आज्ञा वाचायला सोप्या जाव्यात म्हणून देवनागरीत लिहिल्या आहेत; कीबोर्डवर त्या नेहमीच्या रोमन स्पेलिंगनेच टाइप करा.

पायरी १: ओळखायचं कशावरून, ते ठरवा

टेबलातल्या प्रत्येक ओळीला एक अशी खूण लागते जी दुसऱ्या कुठल्याच ओळीला नसेल, कधी रिकामी नसेल आणि कधी बदलणार नाही. हीच प्रायमरी की. पहिल्या दोन अटी डेटाबेस स्वतः सांभाळतो. तिसरी तुम्हाला सांभाळायची असते, आणि नवखे लोक घसरतात ते तिथेच.

वर्गणीदारासाठी काय घ्याल? नाव? आमच्या चाळीत एकाच नावाचे, एकाच आडनावाचे दोघे आहेत, आणि त्यातल्या एकाने दुसऱ्याचा कुरियर घेतल्यावरून झालेलं भांडण अजून मिटलेलं नाही. मोबाइल? सासू-सुनेच्या दोन खोल्यांचा नंबर एकच, आणि नंबर बदलणारे दरवर्षी चार निघतात. खोली नंबर? भाडेकरू बदलतो, खोली तीच राहते.

ज्या गोष्टी अढळ वाटतात त्याही हलतात. एल्फिन्स्टन रोड स्टेशन २०१८ च्या जुलैत प्रभादेवी झालं. स्टेशनचं नाव प्रायमरी की म्हणून वापरणाऱ्याला त्या दिवशी किती टेबलं दुरुस्त करावी लागली असती, विचार करा. नंबरांचंही तेच. डिसेंबर २०२३ मध्ये दादरला मध्य रेल्वेचे फलाट पश्चिम रेल्वेच्या सातांच्या पुढे मोजायला लागले आणि वर्षानुवर्षांचा 'एक नंबर' एका सकाळी 'आठ नंबर' झाला. फलाट जागचा हलला नाही, फक्त त्याची खूण बदलली, आणि तेवढ्याने लोक जिन्यावर गोंधळून उभे राहिले.

म्हणून ओळीला एक बिनअर्थाचा आकडा द्यायचा. तो माणसाबद्दल, खोलीबद्दल, पैशांबद्दल काहीच सांगत नाही. 'ही ती ओळ' एवढंच सांगतो. बाहेरचं काहीही बदललं तरी तो बदलायचं कारण नाही. आणि तो आकडा आपण न ठरवता डेटाबेसला ठरवू द्यायचा, याला म्हणायचं ऑटो-इन्क्रिमेंट.

पायरी २: टेबल बनवा

क्रिएट टेबल वर्गणीदार (
आयडी बिगइंट नॉट नल ऑटो_इन्क्रिमेंट,
नाव वारचार(१००) नॉट नल,
खोली वारचार(२०),
मोबाइल वारचार(१५),
प्रायमरी की (आयडी)
);

'बिगइंट' म्हणजे मोठा पूर्णांक, 'वारचार(१००)' म्हणजे शंभर अक्षरांपर्यंतचा मजकूर, 'नॉट नल' म्हणजे रिकामं चालणार नाही. मायएसक्यूएलमध्ये एका टेबलात ऑटो-इन्क्रिमेंटचा एकच कॉलम चालतो आणि त्यावर इंडेक्स (ओळ पटकन शोधायची सूची) असावाच लागतो. प्रायमरी की केल्यावर तो आपोआप येतो. हेच पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये पूर्वी 'सीरियल' असं लिहायचे, आवृत्ती १० पासून 'जनरेटेड ऑलवेज ॲज आयडेंटिटी' लिहितात. एसक्यूएल सर्व्हरमध्ये 'आयडेंटिटी(१,१)', म्हणजे एकापासून सुरू आणि एकेकाने पुढे. ओरॅकलमध्ये बरीच वर्षं सीक्वेन्स (ओळीने नंबर देणारा मोजक) वेगळा बनवून वापरावा लागे, १२सी पासून तिथेही आयडेंटिटी आली. शब्द वेगळे, आतली गोष्ट जवळपास सारखीच: टेबलाशेजारी एक मोजणीयंत्र असतं, त्याला 'पुढचा दे' म्हटलं की ते आकडा देतं आणि स्वतः एक पाऊल पुढे जातं.

हे मोजणीयंत्र टेबलाच्या बाहेर आहे, हे वाक्य लक्षात ठेवा. पुढच्या निम्म्या भानगडींचं उत्तर त्यात आहे.

पायरी ३: आयडी न देता ओळ घाला

इन्सर्ट इनटू वर्गणीदार (नाव, खोली) व्हॅल्यूज ('सुलभा', '२/१७');

यात आयडीचं नावही घेतलं नाही. अशा तीन ओळी घालून सिलेक्ट करा. १, २, ३ दिसतील.

आता लगेच वर्गणीची ओळ घालायची आहे, आणि तिच्यात 'कोणाची वर्गणी' हे सांगायला सुलभाताईंचा आयडी हवा. इथे बहुतेक जण पहिल्यांदा 'सिलेक्ट मॅक्स(आयडी)' लिहितात. मीही लिहिलं होतं. एकटीने टेस्ट करताना ते बरोबर चालतं, म्हणूनच ते घातक. पहिल्या माळ्यावर एक कार्यकर्ता आणि तिसऱ्यावर दुसरा एकाच वेळी नोंद करत असतील, तर तुमची ओळ पडल्यावर आणि मॅक्स विचारण्याआधी दुसऱ्याची ओळ पडू शकते. मग सुलभाताईंचे ५०१ रुपये तिसऱ्या माळ्यावरच्या कुणाच्या तरी नावावर. एरर नाही, काही नाही. असा घोळ सापडतो तो पुढच्या गणपतीत, त्या स्वतः 'मागच्या वर्षी दिले होते की' म्हणतात तेव्हा.

त्याऐवजी विचारा: सिलेक्ट लास्ट_इन्सर्ट_आयडी();

हे फंक्शन फक्त तुमच्या कनेक्शनवर (तुमचा प्रोग्रॅम आणि डेटाबेस यांच्यातल्या जोडणीवर) शेवटचा कुठला आयडी तयार झाला ते सांगतं. शेजारच्या कनेक्शनवर काय चाललंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. दोन बारकावे आहेत. एकाच इन्सर्टमध्ये पाच ओळी घातल्या, तर ते पाचांतल्या पहिल्या ओळीचा आयडी देतं, शेवटच्या नाही. आणि प्रोग्रॅम कनेक्शन पूल (आधीच उघडून ठेवलेली, आळीपाळीने वापरायची कनेक्शनं) वापरत असेल, तर इन्सर्ट आणि ही विचारणा एकाच कनेक्शनवरून जातेय ना, ते बघा. पोस्टग्रेसमध्ये इन्सर्टच्याच शेपटाला 'रिटर्निंग आयडी' लावता येतं, ते मला सगळ्यात स्वच्छ वाटतं. एसक्यूएल सर्व्हरवाल्यांनी 'स्कोप_आयडेंटिटी()' वापरावं.

पायरी ४: मुद्दाम बिघडवा

माझ्या मते ही सगळ्यात महत्त्वाची पायरी, आणि नेमकी हीच शिकवताना गाळली जाते. टेबलात तीन ओळी आहेत. ट्रान्झॅक्शन म्हणजे एकत्र पार पडणारी किंवा एकत्र रद्द होणारी कामं; कमिट ती पक्की करतं, रोलबॅक मागे घेतं. आता:

स्टार्ट ट्रान्झॅक्शन;
इन्सर्ट इनटू वर्गणीदार (नाव) व्हॅल्यूज ('चाचणी');
रोलबॅक;
इन्सर्ट इनटू वर्गणीदार (नाव) व्हॅल्यूज ('मनोहर');

मनोहररावांचा आयडी बघा. ५ आहे. ४ गेला तो गेला. रोलबॅकने ओळ मागे घेतली, मोजणीयंत्र मागे फिरलं नाही. काकांच्या ३८ आणि ३९ चं हेच झालं होतं.

हा दोष नाही, जाणूनबुजून केलेली सोय आहे. का ते कळायला जुनं पावतीपुस्तक आठवा. पुस्तक एकच, कार्यकर्ते चार. पहिला पावती लिहितोय, पण देणारे आजोबा पैसे काढायला आत गेलेत. देतील की 'उद्या या' म्हणतील, सांगता येत नाही. आकडे सलग हवेच असतील, तर आजोबा बाहेर येईपर्यंत बाकी तिघांनी जिन्यात उभं राहायचं. डेटाबेसमध्ये असे शेकडो कार्यकर्ते एकाच सेकंदाला येतात. म्हणून तो म्हणतो, हा घे नंबर आणि पुढे जा. तुझी पावती रद्द झाली, तर तेवढा नंबर वाया. मंडळंही शेवटी हेच करायची, चौघांना चार वेगळी पुस्तकं द्यायची: एकाकडे १ ते ५०, दुसऱ्याकडे ५१ ते १००. ओरॅकलचा सीक्वेन्स मुळातच वीस-वीस नंबर काढून हाताशी ठेवतो, तो हाच प्रकार. एसक्यूएल सर्व्हर अचानक बंद पडून पुन्हा सुरू झाला, तर इंट आयडीत एकदम हजाराची उडी दिसू शकते. तिथेही हाताशी काढून ठेवलेले नंबर हरवलेले असतात.

नंबर वाया जायच्या आणखीही वाटा आहेत. मोबाइल कॉलमवर युनिक अट (तीच नोंद दोनदा चालणार नाही अशी) असेल आणि तोच नंबर पुन्हा आल्याने इन्सर्ट नाकारला गेला, तरी आयडी खर्च झालेला असतो. 'इन्सर्ट इग्नोर' (दुबार ओळ सोडून द्या) आणि 'ऑन डुप्लिकेट की अपडेट' (दुबार आली तर जुनी बदला) हे तर नंबर खाण्यात पटाईत.

आता मनोहररावांची ओळ डिलीट करून नवी घाला. ६ येईल, ५ परत मिळणार नाही. मिळूही नये: जुन्या बॅकअपमध्ये, कुणाच्या व्हॉट्सॲपवर गेलेल्या लिंकमध्ये ५ म्हणजे मनोहरराव असंच नोंदलेलं आहे. मायएसक्यूएलच्या जुन्या आवृत्त्यांत मात्र इथे खड्डा होता. ५.७ पर्यंत इनोडीबी (मायएसक्यूएलचा ओळी साठवणारा भाग) हे मोजणीयंत्र फक्त मेमरीत ठेवायचं. सर्व्हर रीस्टार्ट झाला, की टेबलातला सगळ्यात मोठा आयडी बघून त्याच्या पुढून मोजायचं. म्हणजे शेवटच्या ओळी डिलीट करून रीस्टार्ट केलं, की तेच आयडी नव्या माणसांना. ही तक्रार २००३ पासून नोंदलेली होती, सुटली ती ८.० मध्ये, २०१८ ला. जुन्या सर्व्हरवर काम करणार असाल, तर आधी आवृत्ती बघा. एसक्यूएलाइटमध्ये अजूनही नुसतं 'इंटीजर प्रायमरी की' लिहिलं, तर शेवटचा डिलीट केलेला नंबर पुन्हा वापरला जाऊ शकतो. तो नको असेल, तर पुढे 'ऑटोइन्क्रिमेंट' लिहावं लागतं. तिथे हा शब्द मधल्या आडव्या रेघेशिवाय लिहितात, त्यावर माझी अर्धी संध्याकाळ गेली आहे.

सगळं टेबल रिकामं करायचं असेल, तर 'डिलीट' ने मोजणी तशीच राहते, 'ट्रंकेट' ने मायएसक्यूएलमध्ये पुन्हा १ पासून सुरू होते. पोस्टग्रेसमध्ये ट्रंकेटसोबत 'रीस्टार्ट आयडेंटिटी' सांगावं लागतं.

आणखी एक. ४१ चा आयडी ४२ च्या आधी दिला गेला, याचा अर्थ ४१ ची ओळ आधी दिसू लागली असा नाही. ४१ वाल्याचं ट्रान्झॅक्शन लांबलं, तर ४२ आधी कमिट होतो. 'मी ४२ पर्यंत वाचलं, आता त्यापुढचं दे' असा प्रोग्रॅम लिहिलात, तर ४१ कायमचा सुटेल. वेळ हवी असेल, तर वेळेचा कॉलम ठेवा, आणि तरीही हा धोका मनात धरून ठेवा.

पायरी ५: जुनी यादी एक्सेलमधून आणताना

मंडळाची जुनी यादी आयडीसकट आणायची असते, तेव्हा आयडी आपण हाताने देतो. मायएसक्यूएल समजूतदार आहे: तुम्ही ५०० घातलात, तर पुढचा आपोआप ५०१. कुणी चुकून ९००००० घातला, तर पुढचा ९००००१. त्यावर ओरडून उपयोग नाही.

पोस्टग्रेसचं तसं नाही. तिथे सीक्वेन्स टेबलाकडे बघतच नाही. तुम्ही हाताने १ ते ५०० भरलेत, तरी त्याच्या लेखी सुरुवात व्हायचीच आहे. पहिल्या नव्या वर्गणीदाराला तो १ देतो, आणि 'डुप्लिकेट की' ची एरर येते. पुन्हा प्रयत्न केला की २, पुन्हा एरर. आयात संपली, की 'सेटव्हॅल' ने सीक्वेन्सला टेबलातल्या सगळ्यात मोठ्या आयडीवर नेऊन ठेवायचं, इतकंच. 'जनरेटेड ऑलवेज' लिहिलेलं असलं, तर पोस्टग्रेस हाताने दिलेला आयडी मुळात घेतच नाही, 'ओव्हररायडिंग सिस्टम व्हॅल्यू' असं स्पष्ट सांगावं लागतं. मला ही अडवणूक आवडते.

पायरी ६: आकडा मावेल ना?

ताडदेवच्या आरटीओचा नंबर, एमएच ०१, मग दोन अक्षरं, मग चार आकडे. ९९९९ झाले, की अक्षरं पुढे सरकतात आणि पुन्हा ०००१. डेटाबेसच्या कॉलमला अशी सरकायला अक्षरं नसतात. भरला की भरला.

खोटं वाटत असेल, तर आयडी 'टायनीइंट' (सगळ्यात छोटा पूर्णांक) ठेवून एक टेबल बनवा आणि ओळी घालत राहा. १२७ पर्यंत सगळं सुरळीत, आणि पुढच्या ओळीला 'डुप्लिकेट एंट्री १२७' अशी एरर. नवखा माणूस ही एरर वाचून दुबार नोंद शोधत बसतो. दुबार काही नसतं. यंत्र शेवटच्या आकड्यावर अडकून तोच पुन्हा देत असतं.

साध्या 'इंट' ची मर्यादा २१४७४८३६४७, म्हणजे दोनशे चौदा कोटींच्या वर. मंडळाला सात जन्म पुरेल. पण सेकंदाला हजार नोंदी करणाऱ्या यंत्रणेला पंचवीस दिवसही पुरत नाही. 'बिगइंट' ला ओळीमागे चार बाइट जास्त लागतात, आणि सेकंदाला दहा लाख नोंदी केल्या तरी तो सुमारे दोन लाख ब्याण्णव हजार वर्षं टिकतो. मी डोळे झाकून बिगइंट घेते. चार बाइट वाचवून कुणी माडी बांधलेली बघितली नाही. फक्त ज्या टेबलांत हा आयडी फॉरेन की (दुसऱ्या टेबलातल्या ओळीकडे बोट दाखवणारा कॉलम) म्हणून जातो, तिथेही बिगइंटच ठेवा; अर्धे इंट, अर्धे बिगइंट असं करू नका.

पायरी ७: पावतीचा नंबर वेगळा ठेवा

आता काकांचं काम. त्यांना सलग नंबर हवेत आणि त्यांचं बरोबर आहे. मधला नंबर गायब, म्हणजे पैसे गायब असाच संशय येतो. जीएसटीच्या नियम ४६ मध्येही बिलाला सलग अनुक्रमांक लागतो, सोळा अक्षरांच्या आत आणि त्या आर्थिक वर्षात एकदाच येणारा. ऑटो-इन्क्रिमेंट हे वचन देत नाही. म्हणून पावती टेबलात आयडी तसाच राहू द्या आणि शेजारी वर्ष आणि पावती_क्र असे दोन कॉलम करा, दोघांवर मिळून युनिक अट. मोजणीसाठी एक चिमुकलं टेबल: वर्ष, शेवटचा. त्यात त्या वर्षाची ओळ आधीच घालून ठेवा, शेवटचा शून्य. मग पावती करताना:

स्टार्ट ट्रान्झॅक्शन;
सिलेक्ट शेवटचा फ्रॉम मोजणी व्हेअर वर्ष = २०२५ फॉर अपडेट;
अपडेट मोजणी सेट शेवटचा = शेवटचा + १ व्हेअर वर्ष = २०२५;
(इथे पावतीची ओळ, आलेल्या आकड्यात एक मिळवून)
कमिट;

'फॉर अपडेट' ने ती ओळ कुलूपबंद होते; दुसरा कार्यकर्ता तुमचं कमिट किंवा रोलबॅक होईपर्यंत थांबतो. काही बिघडलं, तर पावतीबरोबर मोजणीही मागे येते, कारण इथे मोजणी ट्रान्झॅक्शनच्या आत आहे. म्हणजे मघाशी टाळलेली जिन्यातली रांग आपण आता मुद्दाम लावली. तासाला दीडशे पावत्यांना ती जाणवतही नाही. तिकीटविक्रीसारख्या कामाला ही रीत लावायच्या आधी दहादा विचार करा. आणि त्या ट्रान्झॅक्शनच्या मधोमध यूपीआयचे पैसे आले का, याची वाट बघत बसू नका. ते आधी उरकून घ्या, नाहीतर एकाच्या नेटपायी सगळी चाळ खोळंबेल.

चुकीची झालेली पावती डिलीट करायची नाही. स्थिती कॉलममध्ये 'रद्द' लिहायचं, शेजारी कारण. छापील पुस्तकातही रद्द पावतीवर तिरकी रेघ मारून दोन्ही प्रती पुस्तकातच ठेवायचे. हे मला काकांनी शिकवलं, डेटाबेसच्या कुठल्या पुस्तकाने नाही.

पायरी ८: हा आयडी लोकांना दिसतोय का?

मोबाइलवर पावतीची लिंक जाते. लिंकच्या शेवटी ११२ असेल, तर चाळीतला कुठलाही शाळकरी पोरगा ११३ करून बघणार, आणि शेजाऱ्यांनी किती दिले ते संध्याकाळपर्यंत गच्चीवर चर्चेला येणार. शिवाय क्रमाने वाढणारा आकडा एकूण किती आहेत हेही फोडतो. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या संख्याशास्त्रज्ञांनी हाती लागलेल्या जर्मन रणगाड्यांच्या अनुक्रमांकांवरून त्यांचं उत्पादन किती, याचा अंदाज बांधला होता. तुमच्या नव्या दुकानाचा प्रतिस्पर्धी सोमवारी एक आणि पुढच्या सोमवारी एक ऑर्डर देऊन तेच करू शकतो. आधारचा बारा आकडी क्रमांक क्रमाने न देता स्वैर दिला जातो. त्यामुळे एकाच्या क्रमांकात एक मिळवून शेजाऱ्याचा काढता येत नाही.

यावर काही जण आयडीच काढून टाकून सगळीकडे यूयूआयडी घालतात. तो १२८ बिटांचा लांबलचक आकडा, सहसा स्वैर, म्हणून पुढचा कुठला याचा अंदाज न येणारा. पण इनोडीबी ओळी प्रायमरी कीच्या क्रमाने रचून ठेवतं. पूर्ण स्वैर की दिली, तर प्रत्येक नवी ओळ कुठेतरी मधेच खुपसावी लागते आणि मोठ्या टेबलात ते जड जातं. यूयूआयडीची सातवी आवृत्ती वेळेच्या क्रमाने वाढते, तिथे हा त्रास कमी. आमच्यासारख्या कामाला मधला रस्ता पुरतो: आतमध्ये बिगइंट आयडी, आणि पावती टेबलात एक वेगळा कॉलम, त्यात स्वैर मजकूर, त्यावर युनिक अट. लिंकमध्ये तोच जातो.

तरीसुद्धा कार्यकर्त्यांच्या लॉगिनमागच्या प्रत्येक पानावर 'हा माणूस ही ओळ बघू शकतो का' हे तपासणारी अट लिहा. लिंक लांबलचक आहे म्हणून ती गाळू नका. आमच्याकडे ती लिंक पहिल्याच दिवशी कुणीतरी चाळीच्या ग्रुपवर टाकली होती.